साहेबाचं सुतक

आमच्या घराण्यात परक्या माणसाचं सुतक एकदाच पाळलं गेलं, आणि ते एका गोऱ्या विमानसाहेबाचं. हे सांगितलं की घरातल्या पोरीबाळी हसतात. हसा बापा, तुमचं काय जातं! माझं मात्र तेव्हा डोकं फिरलं होतं, आणि खरं सांगते, त्या दहा दिवसांचा राग माझ्या पोटातून अजून गेलेला नाही.

माझं माहेर वलगावचं, अमरावतीजवळचं. वडील आणि भाऊ भाजीपाला करायचे. वांगी, मेथी, कोथिंबीर, बांधावर शेवगा. चालायला लागल्यापासून माझे पाय चिखलात. खुरपणं, पाणी देणं, बाजाराच्या जुड्या बांधणं, सगळं येत होतं मला. लग्न होऊन अकोल्याला आले ती पानमळेवाल्यांच्या घरात. दुकान जठारपेठेत, दुकानामागे घर, आणि मळा गावाबाहेर पातूरच्या वाटेवर. मी म्हटलं, चला, इथेही हाताला काम आहे. तर सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, मळ्यात बाईनं पाय टाकायचा नाही. काहून, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "वेल कोमेजते." मी म्हटलं, माझ्या हातची मेथी तर कधी कोमेजली नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तो विषय मी काढला नाही.

तेव्हा माझं काम घरातलं. पुरुषांनी खुडून आणलेली पानं निवडायची, डागी बाजूला काढायची, थप्प्या लावून ओल्या फडक्यात गुंडाळायच्या. मळा मी पाहायची तो बाहेरून. रोज न्याहारी घेऊन जायची आणि मळ्याभोवतीच्या कुडाशी उभी राहायची. आत शेवरी-पांगाऱ्याची दाट सावली, त्यावर चढलेले वेल, आणि विहिरीवरच्या मोटेचा आवाज. चपला कुडाबाहेर काढल्याशिवाय आत कोणी जायचं नाही, मग तो घरचा असो की गावचा पाटील असो.

पानवेलीचं बी नसतं. जुन्या वेलाचा तुकडा कापून नवा लावायचा, त्याला बेणं म्हणतात. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या आजानं पातूरकडून जे बेणं आणलं होतं, तोच वेल कापून लावत लावत आमच्यापर्यंत आला होता. तसं पान आमच्याशिवाय कोणाकडे नव्हतं, पातळ आणि तिखट. मामाजी म्हणायचे, हा वेल मेला तर मेलाच, बाजारात मिळत नाही. त्याचे नियमही तसेच कडक. बेणं कापायचं ते घरातल्या मोठ्यानं पहिला घाव घातल्यावरच. घरात कोणी गेलं तर दहा दिवस घरच्या माणसानं मळ्यात जायचं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा शेजारच्या मळेवाल्यांनी आमच्या वेलांना पाणी दिलं होतं. आणि एक नियम असा की मळ्यात बसून पान खायचं ते फक्त घरच्यांनी. मामाजी उलटंही म्हणायचे. जो मळ्यात बसून पान खातो, तो घरचा.

मग लढाई आली. आधी ती फक्त वर्तमानपत्रात होती, मग रॉकेल मिळेना, आणि मग एके दिवशी पातूरच्या वाटेवर झेंड्या रोवलेल्या दिसल्या. विमानं उतरायला पट्टी करायची होती. सरकारला जागा हवी म्हटल्यावर सी.पी. अँड बेरारात कोण नाही म्हणणार?

आमच्याकडे रोज पानाला येणारे एक मुनशीचाचा होते. कचेरीत कारकून, उर्दू, हिंदी, वऱ्हाडी तिन्ही तोंडात, आणि इंग्रजी कामापुरती. त्यांना सरकारनं विमानवाल्या मोठ्या साहेबाकडे दुभाष्या म्हणून लावलं. साहेब म्हणजे साधासुधा नव्हे. या बाजूच्या सगळ्या विमानतुकड्या त्याच्या हुकमाखाली. डाकबंगल्यात उतरायचा, पट्टीचं काम पाहायचा, विमानात बसून निघून जायचा, पुन्हा यायचा. संध्याकाळी चाचा आमच्या ओसरीवर बसले की साहेबाची कहाणी सुरू. मी दाराआड पानं निवडत ऐकायची.

साहेबाचा बाप खेड्यातला शाळामास्तर. पोरगा मागल्या लढाईत गेला आणि लाकडाच्या नि कापडाच्या विमानात बसला.

"कापडाच्या?" मामाजींनी विचारलं.

"हाव भाऊ, कापडाच्या. अपल्या मच्छरदानीसारख्या. अन् त्यातून गोळ्या झाडत होता."

त्या मच्छरदानीतून तो एकदा पडला आणि त्याचा एक पाय कायमचा आखूड झाला. तरी उडायचं सोडलं नाही. पुढे इराकात, मग सरहद्दीवर. तिथं त्याचं काम काय, तर बंडखोर गावांवर आधी कागद टाकायचे, गाव खाली करा म्हणून, आणि मग बॉम्ब. मामाजींनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "त्या लोकायले वाचता येत होतं काय?" त्या दिवशी कहाणी तिथंच थांबली.

या लढाईत त्याला विलायतेत मोठा हुद्दा मिळाला. शेकडो पोरं त्याच्या हुकमानं वर जायची. सगळी विमानं परत आल्याशिवाय तो खुर्चीत बसत नसे, असं त्याचा अर्दली सांगायचा. एकदा त्यानं वरच्याला तोंडावर सांगितलं की भर उजेडात पोरं पाठवणं म्हणजे कापायला पाठवणं. वरच्याला ते झोंबलं. मग दिलं पाठवून हिंदुस्थानात. "बढती म्हनून देल्ली," चाचा म्हणाले, "पर होती सजाच." बायको होती, ती त्याच्यासोबत राहत नव्हती. मूलबाळ नाही. पहाटे उठून एकटाच डाकबंगल्याच्या आवारात काठी टेकत फिरायचा.

"म्हंजे त्याच्या मागं रडाले कोनीच नाई," मामाजी म्हणाले. त्यांनी हे का म्हटलं ते मला तेव्हा कळलं नाही. पण त्यांचा जीव त्या माणसात गुंतत चालला होता एवढं दिसत होतं. चाचांना यायला उशीर झाला तर रस्त्याकडे पाहत बसायचे.

साहेब मळ्यावर आला त्या दिवशी मी न्याहारी घेऊन कुडाबाहेर उभी होते. दोन मोटारी आल्या. साहेब, नकाशे घेतलेला एक इंजिनेर, तहसीलदार, मुनशीचाचा. तहसीलदार आपलाच माणूस, पण तो बुटासकट आत निघाला. साहेब मात्र थांबला. कुडाशी पडलेल्या चपला त्यानं पाहिल्या, चाचांना काहीतरी विचारलं, आणि दगडावर बसून बुटाच्या नाड्या सोडू लागला. आखूड पायाचा बूट काढताना त्याला त्रास होत होता. मोजेही काढले. ते पांढरेफटक पाय पाहून मला कसंसंच झालं. तहसीलदाराला मग झक मारत आपले बूट काढावे लागले.

आत काय झालं ते कुडाच्या फटीतून दिसलं तेवढं दिसलं, बाकीचं ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, घरी येऊन सांगितलं. साहेबानं बोटाच्या पाठीनं पान चाचपलं. वेल किती जुना, पाणी केव्हा देता, ऊन लागलं तर काय होतं, सगळं विचारलं. आजवर कोणत्या हाकिमानं मामाजींना असं विचारलं होतं? म्हातारा विरघळला. एक पान खुडलं, चंची उघडली, चुना-कात लावून विडा केला आणि साहेबापुढे धरला. साहेब वेलांच्या ओळीत मातीवर बसला आणि त्यानं तो खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकला नाही. चाचांच्या तोंडून म्हणाला, या मुलखात आल्यापासून थंड जागा पहिल्यांदा भेटली.

बाहेर येऊन त्यानं बूट घातले. इंजिनेरनं मोटारीवर नकाशा पसरला. साहेबानं काठी उचलून आमच्या विहिरीकडे रोखली, मग पार पलीकडच्या पळसाकडे, आणि दोन शब्द बोलला. मला इंग्रजी येत नव्हतं. पण काठी कुठून कुठे फिरली ते मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी ह्यांना एकीकडे नेऊन सांगितलं. पट्टी मळ्यावरूनच जाणार. आमचा एकट्याचा नाही, ओळीनं चार घरांचे मळे जाणार होते. मालकी आमची होती, पण लढाईच्या कायद्यापुढे मालकी कसली. फक्त थोडी सवड होती. शेजारच्यांनी ऐकलं आणि लगोलग बेणं कापून नातलगांकडे हलवलं, कोणी अकोटकडे, कोणी अंजनगावला. मी वलगावला गेले, भावांशी भांडले, रडले, आणि विहिरीजवळचा एक तुकडा सोडवून घेतला. भाऊ म्हणाले, वांग्याची जागा आहे ती. मी म्हटलं, वांगी पुढल्या साली लावा, हा वेल पुन्हा यायचा नाही. परत आले ती मोठ्या आनंदात. आता फक्त मामाजींनी पहिला घाव घालायचा होता.

मामाजी हलेचनात.

"तो मळ्यात बसून पान खाऊन गेला," ते म्हणाले. "घरचा मानूस घरचा वेल तोडते काय?"

ह्यांनी समजावलं. चाचांनी समजावलं. "भाऊ, साहेब भला मानूस हाये. पर हुकूम तो हुकूम. त्याले तुमचा रिवाज काय मालूम?"

"मालूम नसता तं बूट काहून काढले असते?"

पुढे मळ्यात चुन्याच्या रेघा पडल्या, तरी त्यांचं एकच, साहेब आला की पाहू. पण साहेब येईना. त्याला पूर्वेकडे, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मोठ्या हुद्द्यावर पाठवलं होतं. मग मामाजी अमरावतीला कमिशनरच्या कचेरीवर जाऊन बसले. तिथल्या चपराशानं त्यांना आवारातल्या झाडाखाली बसवलं आणि संध्याकाळी घरी जायला सांगितलं. असे दोनदा जाऊन आले. मी मनातून साहेबाला शिव्या घालत होते आणि म्हाताऱ्यालाही. ह्यांना म्हणायची, तुम्ही कापा ना! हे म्हणायचे, "बाबाच्या हाताबिगर नाई निंगत बेनं."

आणि एका दुपारी चाचा आले ते डोळे पुसतच. साहेबाचं विमान डोंगरात पडलं. विमानतळावरची गोरी माणसं, खानसामे, अर्दली, सगळे तेच सांगत होते. वर्तमानपत्रात यायचं नाही, लढाई होती.

माझ्या मनात काय आलं असेल ते सांगते, लाज कशाला? मी म्हटलं, सुटलो. आता वाट पाहायला कोणी उरलं नाही, आता तरी म्हातारा विळा उचलेल. पट्टीवाले आठवड्याभरात येणार होते. तेवढ्यात सगळं निघालं असतं.

मामाजी उठले, आडावर गेले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या धोतरानं येऊन भिंतीशी बसले. म्हणाले, "घरात सुतक हाये. दहा दिवस कोनी मळ्यात जाऊ नका."

मला आधी कळलंच नाही. कोणाचं सुतक? साहेबाचं? हो, साहेबाचंच. तो घरचा होता. त्याच्या मागे दुसरं कोणी रडायला नव्हतं, मग आपण नाही पाळायचं तर कोणी? मी दारातून बाहेर आले. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सोडून आजवर बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "मामाजी, दहा दिवसांनी मळा राहनार नाई. त्यानंच काठी रोखून दाखवला मळा. माह्या डोळ्यानं पाह्यलं मी."

ते शांतपणे म्हणाले, "असंन. पन मेलेल्या मानसाशी वैर नसते बाई."

हे खाली मान घालून बसले. मोठ्या माणसाविरुद्ध जायची ह्यांची छातीच नव्हती. शेजारी आपापलं बेणं घेऊन गेलेले, सुतकातल्या घरचा वेल कापायला परका माणूस तयार होईना. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. घरात तीन माणसं, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून जमीन दाबायच्या रुळाचा घरघराट ऐकू येऊ लागला.

पाचव्या दिवशी भर दुपारी मी विळा घेतला, भिजवलेलं पोतं घेतलं आणि एकटीच मळ्यावर गेले. ह्यांना सांगितलं नाही, सांगितलं असतं तर अडवलं असतं. चपला काढल्या आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. बाहेर कडक ऊन आणि आत पाण्यासारखं गार. साहेब खोटं बोलला नव्हता. मला तिथं रडू आलं, दुःखानं की रागानं, कोण जाणे. मग डोळे पुसले आणि कामाला लागले. माहेरी शेवगा लावायचो तो चांगली जून, मनगटाएवढी फांदी बघून. तसंच मी वेलाचं बुडाशी असलेलं जाड, गाठीचं खोड निवडलं. जेवढं कापवलं तेवढं कापलं, पोत्यात गुंडाळलं आणि तशीच स्टेशनावर गेले. बडनेऱ्याला गाडी बदलली, अमरावतीहून बैलांची दमणी केली. वलगावला दिवेलागणीला पोचले. भावांनी जागा तयार ठेवली होती. मी स्वतःच्या हातानं लावलं, पाणी घातलं, वर तुराट्यांची सावली केली.

परत आले तेव्हा मळा नव्हता. पांगारे उपटून एका बाजूला टाकलेले, विहीर बुजवायला घेतलेली, आणि वेलांचा हिरवा चिखल मजुरांच्या पायाखाली. मामाजी कुडाच्या जागेबाहेर उभे होते. कूड राहिला नव्हता तरी सुतक होतं, म्हणून पुढे जात नव्हते. मी त्यांना सांगितलं की मी बेणं नेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सुतकात नेलेलं लागत नाई, बाई."

महिनाभरात वलगावहून निरोप आला. एकाही डोळ्याला कोंब फुटला नाही. सगळं काळं पडलं, सडलं. भावांनी तिथं वांगी लावली.

दहाव्या दिवशी मामाजींनी मिशा काढल्या होत्या. पुढे दुकानात पान आणायचं ते दुसऱ्यांच्या मळ्यातलं, आणि ते विकायला हे बसायचे. मामाजी ओसरीवर बसून असायचे. गिऱ्हाईक विचारायचं, ते तुमचं तिखट पान कुठं गेलं हो? हे काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. वर विमानं घोंघावत जायची. मी म्हाताऱ्याला जेवायला वाढायची, पण बोलणं सोडलं होतं. आणि मनात कुठंतरी भीतीही होती की खरंच माझ्या पायानं, माझ्या हातानं तो वेल मेला असेल. सुतकात गेले, बाई असून गेले. कितीदा तरी जेवता जेवता तेच मनात यायचं.

लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. चाचा एक इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन आले. ओसरीवर टेकले. काय छापलंय म्हणून मामाजींनी विचारलं तेव्हा त्यांनी पेपरातलं एक पान उघडून पुढे ठेवलं. फोटो होता. विलायतेत कुठल्याशा मैदानावर गोरे हाकीम रांगेत उभे, आणि मधोमध काठी टेकलेला, एका बाजूला कललेला आमचा साहेब. छातीवर पदकं. विमान पडलं होतं खरं, पण त्यात साहेबाची माणसं होती. तो स्वतः तापानं कलकत्त्याला इस्पितळात पडला होता. नंतर लढाई गाजवली, सरकारनं सर केलं, आता पेन्शन घेऊन गावी राहणार, असं खाली लिहिलं होतं. चाचांनी ते सगळं हळूहळू वाचून सांगितलं.

"जित्ता हाये?" मामाजींनी विचारलं.

"हाव भाऊ. जित्ता हाये."

मामाजींनी फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. चेहऱ्यावर आनंद की काय ते मला ओळखता आलं नाही. मग ते घाबरल्यासारखे म्हणाले की जित्या माणसाचं सुतक पाळणं वाईट, त्याचं आयुष्य कमी होतं, देवापुढे दिवा लावा. तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी दाराआडून सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले.

"मंग सुतक नव्हतंच ना, मामाजी," मी म्हटलं. "सुतकच नव्हतं, तं माहं बेनं काहून नाई लागलं?"

चाचा खाली पाहू लागले. मामाजींनी पेपर मांडीवर ठेवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "कोनतं कापलं होतं तू?"

"बुडाचं. चांगलं जाड, गाठीचं पाहून."

"जून खोड लागत नाई, बाई," ते म्हणाले. "शेंड्याकडचं घ्या लागते, कोवळं. इतकं." आणि त्यांनी वितीनं लांबी दाखवली.

एवढंच होतं ते. सांगायला घोटभर पाणी प्यायचा वेळही लागला नाही. सून होऊन त्या घरात आले तेव्हापासून एकदाही, कोणीही, मला हे सांगितलं नव्हतं. त्यांची वीत अजून तशीच हवेत होती. मी आत गेले, पाटावर बसले आणि पदर तोंडात धरून रडले.